कलत्या मानेचा खासबारदार

आमच्या घरात माणसं दोनच, पण पहाऱ्याला अख्खी पलटण. सांगलीत आमचं घर विचारलंत तर "ते शिपायांचे मास्तर होय? जा असेच सरळ," असं उत्तर मिळेल. ह्यांचं नाव गोपाळकृष्ण, हायस्कुलात ड्रॉइंग शिकवतात, हे सगळं मागं पडलं आणि शिपाई तेवढे पुढं आले. शिशाचे शिपाई, चार बोटं उंच, हातानं रंगवलेले. त्यातही लढाईतला साधा शिपाई ह्यांना चालत नाही, राजाच्या खास पहाऱ्यातलाच पाहिजे. विलायतेच्या राजवाड्यापुढं अस्वलाच्या केसांची उंच टोपी घालून उभे राहतात ते, पोपच्या दारातले पट्ट्यापट्ट्यांच्या फुगीर विजारींचे, रशियाच्या झारचे, फ्रान्सच्या बादशहाचे. झार गेला, बादशहा गेला, त्यांचे पहारेकरी मात्र माझ्या माहेरच्या काचेच्या कपाटात ऐटीत उभे. आणि माझ्या कपबशा? त्या उघड्या फळीवर, मांजराच्या वाटेत.

काही शिपाई पुण्याच्या कँपातून आणलेले. मिरजेला एक साहेब राहायचा, तो बायकापोरांसकट विलायतेला परत गेला, त्याच्या पोरांच्या खेळण्यांतले काही. शिपाई घरी आला की त्याचा जुना रंग खरवडून टाकायचा, पुस्तकातलं चित्र पुढ्यात ठेवायचं आणि गुंडी न् गुंडी नव्यानं रंगवायची. "जुना रंग खरवडल्याशिवाय नवा धरत नाही," हे वर्गात पोरांना ओरडून सांगायचे आणि घरी मला. मी नुसती समोरून गेले तरी "अगं, धूळ! पदर आवर!" चाळिशी कधीच उलटलेला माणूस हो हा! मूलबाळ झालं नाही आम्हाला, म्हणून मीही फार बोलत नसे. म्हणजे बोलायची रोजच, पण मनापासून नाही.

ह्यांच्या जोडीचा दुसरा वेडा साताऱ्यात. नारायणराव, कचेरीतले निवृत्त शिरस्तेदार. त्यांच्याकडंही असंच कपाट, त्यांच्या बायकोच्याही कपबशा फळीवर. दोघांची जन्माची चढाओढ एकाच शिपायावरून. छत्रपतींच्या स्वारीबरोबर खोळीतली बंदूक खांद्यावर घेऊन चालणारे खासबारदार असत म्हणे. जगातल्या सगळ्या राजांचे पहारेकरी कपाटात आणि आपल्या राजाचा एकही नाही! विलायतेतला कारखाना कशाला खासबारदार ओततोय? "मी करणार," नारायणराव म्हणायचे. "माझा आधी होणार," हे म्हणायचे. दोन्ही घरी नुसत्या गप्पा आणि चहाची आधणं.

आता हरणाबाईचं सांगते. शिराळ्याकडची बाई. घरचा ऊस, घरचं गुऱ्हाळ, खाऊनपिऊन सुखी माणसं. तिचा एकुलता एक अर्जुना शाळेसाठी काही वर्षं सांगलीत होता, ह्यांच्याच वर्गात. चित्रकलेच्या नावानं आनंद, झाडाला हिरवा सोडून सगळे रंग द्यायचा. पण पोर मोठं गुणी. नवा गूळ निघाला की ढेप खांद्यावर घेऊन दारात उभा. उभा राहायचा तो मान डावीकडं जराशी कलती ठेवून. लहानपणी बैलानं ढुशी दिली होती, तेव्हापासून ती तशीच राहिली. आपण बोलायला लागलो की वाटायचं, हा ऐकता ऐकता कसला विचार करतोय. "वैनी, भरती झालो," असं सांगायला आला तेव्हाही तसाच उभा. मी म्हटलं, "अरे, ही असली मान चालली कशी त्यांना?" तर हसून म्हणतो, "बेळगावचा डाक्टर म्हनला, बंदूक धरतुयास न्हवं सरळ? मग मान कशाला बघू!"

चव्वेचाळीस साली तो इटलीत लढाईत मेला. सरकारी कागद आला त्यात तेवढंच होतं. कुठं गोळी लागली, कसा पडला, काही नाही. ना देह आला, ना राख.

तिकडं रीत आहे, घरातलं माणूस गेलं की त्याचा टाक करून देव्हाऱ्यात बसवतात. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली लहानशी प्रतिमा. तो देवांत बसला की माणूस घरी आलं असं धरायचं. हरणाबाई सोनाराकडं गेली. त्यानं टाक दाखवले ते सगळे घोड्यावरचे, हातात तलवार. तिनं एकालाही हात लावला नाही, मोटारीत बसली ती थेट आमच्याकडं आली. यंदाचा शिमगा नुकताच झाला होता.

"मास्तर, माझा अर्जुना कवा घोड्यावर बसला न्हाई. बैलाला भ्यायचा त्यो, घोड्यावर कुठला बसतोय! सोनार म्हंतोय, टाक आसाच आसतुया. मला नगं त्यो. तुमी शिपाई करता न्हवं? माझ्या लेकराला त्येच्यागत करून द्या. दीर म्हंत्यात, शिशाचा टाक कुठं आसतोय व्हय? म्या म्हनलं, मास्तरांच्या हातचा आसला म्हंजी सोन्याचाच."

असं म्हणून तिनं बेळगावात काढलेला अर्जुनाचा फोटो ह्यांच्या पुढ्यात ठेवला. ह्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला. "करतो, हरणाबाई. जीव ओतून करतो," म्हणाले. खरं सांगते, लग्न झाल्यापासून मला ह्या माणसाचा इतका अभिमान वाटला नव्हता. त्या दिवशी मी कपाटाकडं पाहून पहिल्यांदा म्हटलं, असू दे बाई, कपबशांचं काय एवढं.

आणि केलं हो, जीव ओतूनच केलं. आजवर तयार शिपाई रंगवलेले, हा पहिलाच स्वतःच्या हातानं घडवायचा होता. मेणाचा अर्जुना कोरला, त्याच्यावर प्लॅस्टरचा साचा केला, मेण वितळवून काढलं आणि आत शिसं ओतलं. साचा फोडल्याशिवाय शिपाई बाहेर येत नाही, म्हणजे एका साच्यातून एकच. उन्हाळ्याच्या सुट्टीत मागच्या खोलीत कोंडून घेतलं होतं स्वतःला. जेवण गार व्हायचं आणि मी, मी चारुशीला, जिच्या तोंडाला अख्खी आळी भिते ती, एक शब्द बोलत नव्हते. एका दुपारी दाराच्या फटीतून पाहिलं, तर उघड्या तळहातावर शिपाई घेऊन बसलेले आणि डोळे भरलेले. मी ताक न देताच परत फिरले.

अक्षय्यतृतीयेला हरणाबाई आली. तिकडं त्या दिवशी गेलेल्यांच्या नावानं करतात, म्हणून तोच दिवस धरला होता. ताम्हनात तांदूळ, वर नवं कापड. ह्यांनी आतून रुमालात गुंडाळलेला शिपाई आणला. खाकी कपडे, सावळा चेहरा, डोक्यावर लष्करी टोपी, खांद्यावर बंदूक. मी हळदकुंकू लावलं आणि माझ्या हातांनी तो हरणाबाईच्या पदरात घातला. तिनं बराच वेळ पाहिलं.

"मान सरळ केलीसा, मास्तर?"

हे रुमालाची घडी घालत म्हणाले, "लष्करात मान सरळ करून घेतात, हरणाबाई."

"व्हय?" ती म्हणाली. डोळ्यांतून धार लागलेली आणि तशातच हसली. "ह्या मानंला म्या किती तेल चोळलं वो. सरकारनं सरळ केली म्हना की!"

ती गेली आणि हे न जेवता मागच्या खोलीत जाऊन पडले. मला वाटलं, विद्यार्थी होता, वाईट वाटत असणार. मी पुरणपोळी झाकून ठेवली.

गौरी-गणपतीच्या आधी एक दिवस मला हाक मारली. "ये, दाखवतो." कपाटाच्या मधल्या फळीवर, झाराच्या आणि पोपच्या शिपायांना बाजूला सारून, खासबारदार उभा केलेला. लाल अंगरखा, कमरेला शेला, डोक्याला पागोटं, भरघोस मिश्या, खोळीतली बंदूक खांद्यावर. बंदुकीच्या भारानं मान किंचित कललेली. काय सांगू, बाकीचे सगळे त्याच्यापुढं बाहुल्या वाटायला लागले. हा आत्ता काहीतरी बोलेल असं वाटायचं.

"हा कुणासारखा तरी दिसतो हो," मी म्हटलं.

"सगळे मराठे असेच दिसतात," हे म्हणाले आणि कपाटाची काच लावून घेतली. मी नाक मुरडलं. पण गौरीची आरास व्हायची होती, फराळाचं व्हायचं होतं, मी कामाला लागले.

पितृपंधरवड्यात नारायणराव सांगलीला आले, मेव्हण्यांच्या घरी पक्षाला. खासबारदार झाल्याची बातमी ह्यांनीच साताऱ्याला धाडलेली, तेव्हा पक्षाचं जेवण एक निमित्त. दुपारी वडे-खिरीनं जड झालेले असे आमच्याकडं आले, पण कपाट उघडलं मात्र, सुस्ती पार पळाली. भिंग काढलं, खासबारदार हातात घेतला, खिडकीशी नेला. 

"गोपाळराव, हरलो," म्हणाले शेवटी. "सपशेल हरलो. कपडे मीही जमवले असते हो. पण हा चेहरा! ही मान! कुठून आणलात हे?"

"कल्पनेतून," ह्यांनी सांगितलं.

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. ह्यांची छाती अशी फुगलेली की गुंडी तुटावी. तेवढ्यात पडवीतून हाक आली, "वैनी, हायसा का?"

हरणाबाई होती. धुळीनं भरलेली, तोंड सुकलेलं. "या ना आत," म्हटलं तर आत येईना, उंबऱ्याच्या बाहेरच उभी. हातात फडक्यात काहीतरी छातीशी धरलेलं, काखेत एक गाठोडं. मी एका हातानं ट्रे सावरत तिला हात धरून आत आणली. ह्यांना पाहताच ती मटकन खाली बसली.

"मास्तर, माझ्या हातनं लय वंगाळ झालं."

तिनं फडकं सोडलं. आत तिचा शिपाई होता. पण कुठला तिचा? खाकी रंग पापुद्र्यांनी उडालेला आणि खालून लाल भडक कोट वर आलेला. सावळा चेहरा गेलेला, तिथं गुलाबी गाल आणि निळे डोळे. टोपी निघून पडली होती आणि टोपीखाली डोकं अर्धं सपाट, आडवं कापल्यासारखं.

"परवा घट बसायचं," ती सांगू लागली, "म्हनून देव घासाय काढलं. समदं देव चिंचंनं घासून लख्ख झालं, म्हनलं माझंच लेकरू का मागं ऱ्हावं? रोजचं म्या मऊ फडक्यानं पुसत हुते, कवा पानी सुदिक लावलं न्हाई. पर घटाचं देव, तवा समद्यांबरूबर त्यालाबी चिंच लावली, राख लावली, काथ्यानं घासला. आन त्येचा रंगच गेला वो! त्वांड गेलं. माझं लेकरू माझ्याच हातानं पुसलं म्या." तिनं शिपायाच्या सपाट डोक्यावर बोट ठेवलं. "आन ह्ये बघा. कागदात लिवलं न्हवतं त्याला कुठं लागलं त्ये. हितं लागलं आसंल न्हवं? टोपीखाली? काल रातभर ह्या डोस्क्यावरनं हात फिरवत बसले हुते. त्येनं सांगितलं मला."

देव चिंचेनं घासतात, हे कुठल्याही घरच्या बाईला ठाऊक. पण घासल्यावर अर्जुनाच्या आतून गोरा निघाला कसा, हे मला त्याच क्षणी कळलं. अस्वलटोपीवाल्यांतला एक जादा शिपाई खोक्यात पडून असायचा, ते खोकं उन्हाळ्यात झाडताना मला रिकामं दिसलं होतं. जुना रंग खरवडायचे कष्टसुद्धा घेतले नव्हते ह्या माणसानं! मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे माझ्याकडं पाहीनात.

"दीर म्हंत्यात, बाटवलास तू त्येला. म्हनूनशान गोरा होऊन बसलाय, मला वळखना झालाय." हरणाबाईनं गाठोडं सोडलं. आत कोरी धोतरजोडी होती. ती तिनं ह्यांच्या पायाशी ठेवली आणि खरोखरच पदर पसरला. "माझी चूक झाली, मास्तर. पुन्यांदा न्हाई घासनार. येवडा त्येला परत माझा करून द्या. घटाला त्यो रुसलेला नगं."

तिनं वाकून ह्यांच्या पावलांवर डोकं ठेवलं. वयानं ह्यांच्याहून मोठी बाई, मुलगा गमावलेली, आणि क्षमा मागते कोण, तर ती! जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. आता तरी हा माणूस खरं बोलेल असं वाटलं.

"रडू नका," हे म्हणाले. "रंगवून देतो ना. उद्या सकाळपर्यंत देतो." आणि त्या गोऱ्यासाठी हात पुढं केला.

"अहो!" मी इतक्या मोठ्यानं ओरडले की कपाटाची काच वाजली. "लाज धरा हो थोडी!"

हरणाबाईनं दचकून मान वर केली. आणि वर करताना तिचं लक्ष खिडकीकडं गेलं. नारायणराव तसेच उभे होते, एका हातात भिंग, दुसऱ्या हातात खासबारदार. ती उठली. जवळ गेली. पाहता पाहता तिची स्वतःची मान डावीकडं कलली.

"अर्जुना," ती म्हणाली. "आरं, तू हितं हायस व्हय?"

"बाई, हा तर खासबारदार आहे," नारायणराव बिचारे म्हणाले. "कल्पनेतला..." मग त्यांनी तिच्याकडं पाहिलं, हातातल्या शिपायाकडं पाहिलं. भिंग खिशात घातलं आणि शिपाई तिच्या ओंजळीत ठेवला.

"मिश्या कशाला लावल्यासा ह्येला?" तिनं विचारलं. "मिश्या कुठं फुटल्या हुत्या त्येला नीट? मास्तर, कवा केलासा ह्यो?"

आता हे बोलले. आवाज असा, जणू वर्गात छडीपुढं उभं केलेलं पोर. "आधी. हाच आधी केला. तुमचाच होता, तुमच्यासाठीच केला. पण असा उतरला, की हातातून सुटेना. आयुष्यात माझ्या हातून एवढी एकच जिवंत गोष्ट झाली. तुम्ही ह्याला हळदकुंकू लावणार, दूध लावणार, ह्याचा रंग घालवणार, असं मी मनाला सांगितलं. कपडे चढवले, मिश्या लावल्या आणि ठेवून घेतला. तुम्हाला दिला तो एका साहेबाच्या पोराच्या खेळण्यातला होता."

मला वाटत होतं तिनं आता शिव्या द्याव्यात. त्या साहेबाच्या शिपायाला ह्यांच्या तोंडावर फेकावं. मीही चार शिव्यांची भर घातली असती. पण ती नुसती उभी होती, एका हातात हा, एका हातात तो.

"मग ह्ये डोस्क्याला लागलेलं?" तिनं विचारलं.

तिनं तो गोरा ह्यांच्या पुढ्यात धरला.

"ह्ये काय हाय, मास्तर?"

"मी कानशीनं घासलंय," हे म्हणाले. "त्याची टोपी उंच होती. काढल्याशिवाय दुसरी बसेना."

हरणाबाईनं मान हलवली. "म्हंजी माझ्या पोराला कुठं लागलं त्ये मला आजूनबी ठावं न्हाईच."

नारायणरावांनी तोंड खिडकीकडं फिरवलं. माझ्या डोळ्यांतलं पाणी चहात पडत होतं आणि ट्रे खाली ठेवायचंसुद्धा मला सुचत नव्हतं.

हेच पुन्हा पुढं झाले. "हरणाबाई, मी आत्ता बसतो. हा लाल रंग काढतो, मिश्या काढतो, होता तसा खाकी करून देतो. घटाच्या आत घरी पोचवतो, मी स्वतः घेऊन येतो."

"नगं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "आता तुमी त्येला रंग लावू नगा. आसाच बसू द्या. म्या आईच्या डोळ्यानं वळखलाय, देव बी वळखतील."

तिनं खासबारदार पदराच्या टोकात बांधला. मग तो गोरा उचलून पुन्हा फडक्यात गुंडाळायला लागली. "तो राहू दे इथं," हे कसंबसं म्हणाले, "तो तुमचा नव्हे."

"न्हवं कसा? येवडं दिस त्येला निवद दावलाय. अर्जुना म्हनून हाका मारल्यात. आता माझा न्हाई म्हनून दुसऱ्याच्या दारात टाकू व्हय त्येला?" फडक्याची गाठ मारता मारता ती थांबली. "ह्याच्यावानी कुनाचं तरी पोर बी गेलं आसंल तिकडं. त्येच्या आईलाबी ठावं नसंल कुठं लागलं त्ये. बसतील दोगं शेजारी शेजारी."

मी म्हटलं, "हरणाबाई, दोन घास खाऊन जा हो. उपाशी आहात." आजवर ती आमच्याकडून कधी जेवल्याशिवाय गेली नव्हती. "न्हाई वैनी, मोटार जाईल," म्हणाली. माझ्या हाताला हात लावला, ह्यांच्याकडं पाहिलं नाही. पडवीत चप्पल घालताना मी धोतरजोडी घेऊन तिच्यामागं धावले. "हे तरी घेऊन जा."

"दिल्यालं परत न्यायचं आसतंय व्हय?" ती म्हणाली. "मास्तरांनी शिकवलं त्येला. त्ये काय खोटं न्हाई." आणि निघाली.

नारायणरावही निघाले. चपला घातल्या, ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला, काढला आणि गेले. हे कपाटापुढं जाऊन बसले. मधली फळी रिकामी होती, तिच्यावर खासबारदाराच्या पायांएवढी जागा धुळीशिवाय राहिली होती. मी त्या दिवशी ह्यांना वाढलं, पण ताट पुढ्यात आपटून वाढलं. "कल्पनेतून म्हणे!" एवढंच मी बोलले. ह्यांनी ताटाला नमस्कार केला आणि तसेच बसून राहिले.

त्यानंतर हे शाळेत जात, येत, एवढंच. घट बसले, माळा झाल्या. धोतरजोडी खुंटीखाली पडली होती, तशीच. हे तिच्याकडं पाहायचेही नाहीत. वाट वाकडी करून जायचे. दसऱ्याच्या सकाळी आंघोळ करून आले आणि ट्रंकेतून जुनंच धोतर काढायला लागले.

"ते नको, हे नेसा," मी म्हटलं.

"चारू, नाही होणार माझ्याच्यानं."

"का? लाज वाटते?"

"हो," म्हणाले. "फार."

"मग नेसाच. आत ठेवलंत तर तेही त्या कपाटातच जाईल एक दिवस. काच लावून बसाल पाहत. तिनं तुम्हाला अंगावर घालायला दिलंय."

मी जोडी उकलली, घडी मोडून ह्यांच्या हातात दिली. हे भिंतीकडं तोंड करून नेसले. कोऱ्या कापडाचा तो खळीचा वास अख्ख्या घरात भरला. संध्याकाळी सोनं द्यायला-घ्यायला आळीतली माणसं रस्त्यावर होती, त्यांच्यात ह्यांना जाणं भाग होतं. मी दारातून पाहत होते. धोतर कडक, पावलागणिक वाजणारं. कुणाच्याही नजरेत भरावं असं. आपट्याचं पान पुढं करत समोरचे आप्पासो मोठ्यानं म्हणाले, "वा, मास्तर! यंदा कोरं धोतर! कोणी केलं?"

हे तिथंच उभे राहिले. हातातलं पान द्यायचंही विसरले. आणखी दोघं-तिघं वळून पाहू लागले. मला वाटलं, आता म्हणतील, घेतलं बाजारातून. पुन्हा म्हणतील काहीतरी.

"अर्जुनाच्या आईनं," हे म्हणाले.

"कोण अर्जुना?" आप्पासोंनी विचारलं.

"माझा विद्यार्थी होता," हे म्हणाले. "त्याच्या आईला मी फसवलं, म्हणून तिनं दिलं."

आप्पासोंना काही कळेना. ते हसावं की नाही अशा चेहऱ्यानं इकडंतिकडं पाहू लागले. हे त्यांच्या हातात पान ठेवून पुढच्या माणसाकडं गेले, आणि त्यानंही धोतराचं विचारलं.